अध्यक्षीणबाई सर्वानुमते

बचत गट नवा काढताय? झकास. दहा-बारा बायका जमल्या, महालक्ष्मी, जिजाऊ, सावित्री यातलं एक नाव ठरलं, महिन्याला शंभर की दोनशे यावर एक अख्खी संध्याकाळ गेली, की उरतो एक किरकोळ विषय. अध्यक्ष कोण? तो चहा गाळून होईपर्यंत उरकायचा असतो.

तुम्ही पडलात कोल्हापूरच्या. तेव्हा मतदान घ्यावं असं मनात येणारच. आपल्याकडे साखर कारखान्याला पॅनेल, दूध संस्थेला पॅनेल, कपबशी विरुद्ध विमान, आणि दूध संघाची निवडणूक लागली की ठरावधारक, म्हणजे गावोगावच्या संस्थांनी ठराव करून मताला पाठवलेली मंडळी, थेट सहलीला. करवीरपासून चंदगडपर्यंत सख्खे भाऊ दोन गटांत. पण हा सगळा नाद पुरुषांच्या संस्थांसाठी राखून ठेवायचा. बायकांच्या गटात निवडणूक म्हणजे भांडणाला आवतण. ‘उगंच कशाला वाईटपणा?’ हे वाक्य योग्य वेळी, मध्यम आवाजात म्हणणारी एक मावशी प्रत्येक गटात असते. नसेल तर बाहेरून आणा.

मग निवडायचं कसं? घर बघून. ज्या घरची फरशी मोठी, तिथं बैठक. जिच्या घरी बैठक, ती अध्यक्ष. मालक सोसायटीत संचालक असले तर आणखी बरं, बँकेतला साहेब खुर्ची देतो. आता त्या घरच्या आक्का ‘मला काय कळतंय त्यातलं’ म्हणतील. तीनदा म्हणतील. चौथ्यांदा म्हणायच्या आत टाळ्या वाजवायच्या. प्रोसिडिंगमध्ये लिहायचं ‘सर्वानुमते’. सूचक आणि अनुमोदक म्हणून ज्या दोघी स्वयंपाकघरात पोहे परतत होत्या त्यांची नावं घाला. सह्या नंतर घेता येतात.

सचिव मात्र नीट पारखून घ्या. दहावी-बारावी झालेली, अक्षर बरं असलेली, गावात नवीन आलेली सून उत्तम. वह्या ती लिहिणार, हप्ते ती गोळा करणार, एका मावशीचे पन्नास कमी आले तर स्वतःच्या पदराचे घालणार. तिला काही विचारायची गरज नाही. शिकलेली आहे ना, मग लिहील की.

प्रशिक्षणाला गेलात तर ताई पंचसूत्री पाठ करून घेतील: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, हिशेबाच्या वह्या पूर्ण. पाठ करा, हरकत नाही. पाचांत अध्यक्षाचं नाव कुठंच नाही, ही खूणगाठ बांधा. पुढे ‘उमेद’ या सरकारी अभियानवाल्यांनी दशसूत्री केली, आरोग्य आलं, शिक्षण आलं, पंचायत राज आलं, शासकीय योजना आल्या, शाश्वत उपजीविका आली. खुर्ची तिथंही सुरक्षित. ताई जाता जाता एवढं म्हणतील की पदं ठरावीक काळानं फिरवत चला. त्यावर सगळ्यांनी एकदम ‘हो ताई’ म्हणायचं.

आणि ती फिरवावीत तरी कशी? नाबार्ड या शेती आणि ग्रामविकासाच्या बँकेनं १९९२ साली गट आणि बँक यांची सोयरीक जुळवली, तेव्हापासून खातं चालतं पदाधिकाऱ्यांच्या सह्यांवर. अध्यक्ष बदलला की नवा ठराव, नवे फोटो, आधार, पॅन, पुन्हा नमुना सही. तेवढ्यासाठी तिघींनी शेतातला दिवस मोडून तालुक्याला जायचं, काउंटरवरच्या माणसानं ‘सर्व्हर डाउन आहे, सोमवारी या’ म्हणायचं. दोन सोमवार गेले की लोकशाहीची हौस आपोआप फिटते. पासबुक आक्कांच्या कपाटात, लग्नातल्या शालूखाली सुखरूप आहेच. तिथली शिल्लक किती, हे विचारणारीला ‘आमच्यावर विश्वास नाही व्हय?’ एवढं एकदाच ऐकवा.

आफ्रिकेतल्या बायकांना हा समजूतदारपणा जमला नाही. नायजर देशातल्या मराडी भागात केअर संस्थेनं १९९१ साली असेच बायकांचे गट सुरू केले. तिथून निघालेली पद्धत पुढं अनेक देशांत पसरली, पण तिच्यात अविश्वासच फार. पैशाच्या पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तीन वेगळ्या बायकांकडं, पेटी चौथीकडं. चौघी जमल्याशिवाय दमडी हलत नाही, आणि पेटी उघडायची ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. वर्षाअखेर पैसे वाटून मोकळं व्हायचं, नव्या वर्षाला अध्यक्ष नव्यानं निवडायचा, तोही गुप्त मतदानानं. लिहिता न येणारीला अडचण नको म्हणून चिठ्ठीऐवजी खडा. सांगा, खडा टाकून अध्यक्ष! आपल्याकडं गव्हातले खडे वेचता वेचता संध्याकाळ होते, मतदानाला कुठले उरणार?

असो. आपला गट जुना झाला, कर्ज वेळेवर फिटलं, की ग्रामसंघात, म्हणजे गावातल्या सगळ्या गटांच्या संघात, प्रतिनिधी पाठवायचा प्रश्न येतो. आक्काच जातील. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या, तेव्हा तिकडंही आक्काच उभ्या राहतील. फ्लेक्सवर त्यांचा फोटो लहान आणि मालकांचा मोठा असेल, तो छपाईचा दोष समजावा. गटाचा फोन मालकच उचलतात, हे एव्हाना सगळ्यांना सवयीचं झालेलं असतं. ‘काय काम होतं, मला सांगा’ म्हणतात. भला माणूस.

एक दिवस मात्र आक्का खरंच थकतात. गुडघे बोलू लागतात, चष्म्याचा नंबर वाढतो, आणि त्या भर बैठकीत म्हणतात, ‘आता दुसरी कोणतरी बघा बाई.’ इथं घाबरून मतदानावर जायचं नाही. एका घरातून एकच सभासद हा नियम, तो पाळायचा. आक्कांनी राजीनामा द्यायचा, त्यांच्या जागी सुनेनं सभासद व्हायचं आणि त्याच बैठकीत अध्यक्षही. फरशी तीच, कपाट तेच. सूनबाई तीनदा ‘मला काय कळतंय त्यातलं’ म्हणतील. सचिवाला सांगा, टाळ्या आधीच लिहून ठेव.