खुलासा : स्पॅनिश येतं म्हणून इंग्रजी व्याकरण आपोआप येत नाही

'लिपी एकच, हजारो शब्द सारखे, त्यामुळे स्पॅनिश भाषकांनी शब्दाला शब्द ठेवला की इंग्रजी वाक्य तयार' असा दावा फिरतो आहे. शब्दसाम्य खरं आहे. लॅटिनमधून आणि 1066 मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंचमधून इंग्रजीत खूप शब्द आले. वाक्यरचनेबद्दल मात्र हा दावा चूक आहे.

सर्वांत मोठी अडचण कर्त्याची. 'आब्लो' म्हटलं की 'मी बोलतो' हे क्रियापदाच्या प्रत्ययातूनच कळतं, म्हणून स्पॅनिशमध्ये सर्वनाम सहज गळतं. मराठीतही आपण 'उद्या येतो' म्हणतोच. इंग्रजी क्रियापदाला असे प्रत्यय फारसे उरलेले नाहीत, त्यामुळे तिथे कर्ता लागतोच. पाऊस पडतानाही 'इज रेनिंग' चालत नाही, 'इट इज रेनिंग'च म्हणावं लागतं.

प्रश्नांचंही तसंच. स्पॅनिशमध्ये नुसत्या सुरानेही प्रश्न होतो. इंग्रजीत साधारणपणे 'डू', 'डझ', 'डिड' आणावं लागतं. स्पॅनिशमध्ये 'नो वेओ नादा' (मला काहीच दिसत नाही; 'नो' म्हणजे नाही आणि 'नादा' म्हणजे काहीच नाही) हा दुहेरी नकार नियमानुसार आहे, प्रमाण इंग्रजीत तो चूक ठरतो.

अशा चुकांवरून शिकणाऱ्याला आळशी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. तो स्वतःच्या भाषेचा नियम चोख पाळत असतो.