बसू नका, दगड थंड आहे

बल्गेरियातल्या प्लोवदिव शहरात मला बसू दिले नाही. जेवण उत्तम होते, माणसे अगत्यशील होती आणि २०१९ साली या शहराला युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणून मान मिळाला तो काही उगाच नाही, हे सगळे मान्य करूनही मी ही तक्रार लेखी नोंदवत आहे, कारण तोंडी तक्रार सौभाग्यवतींनी केव्हाच फेटाळून लावली आहे.

शहराची पायी सहल फुकट असते असे कळल्यामुळे ‘फुकट ते पौष्टिक’ या न्यायाने आम्ही दोघे सकाळी नगरपालिकेच्या इमारतीसमोर जाऊन उभे राहिलो, आणि जे उभे राहिलो ते रात्रीपर्यंत. आमचा गाईड पंचविशीतला, काटकुळा, आणि चढावरसुद्धा उलटा चालत बोलणारा होता. अशा माणसाला गुडघा नावाचा अवयव असतो हे ठाऊक असण्याचे काही कारण नसते. मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपने इसवी सनापूर्वी ३४२ मध्ये हे गाव जिंकून त्याला फिलिपोपोलिस असे आपले नाव दिले, रोमन लोकांनी तीन टेकड्यांवरून दुसरेही एक ठेवले, पुढे तुर्कांनी फिलिबे केले, हे सगळे त्याने एका दमात सांगितले. नंतर बल्गेरियन माणसांविषयी एक सूचना दिली : इथे ‘हो’ म्हणताना मान आडवी हलवतात आणि ‘नाही’ म्हणताना उभी. सगळ्या जथ्याने ती एकमेकांवर करून पाहिली. आमच्याकडची मान या दोहोंच्या मधोमध डोलते आणि तिचा अर्थ समोरच्याने आपापल्या सोयीने लावायचा असतो, हे मी सांगणार होतो, पण तोपर्यंत जथा पुढे निघाला होता.

मुख्य रस्त्यावर एका चौकात जमिनीत मोठा खड्डा आहे आणि त्यात रोमन स्टेडियमचे एक टोक दिसते. दुसऱ्या शतकातले हे स्टेडियम सुमारे २४० मीटर लांब होते आणि त्यात तीस हजार माणसे बसत असत. आता उरलेले सगळे स्टेडियम रस्त्याखाली आणि दुकानांखाली आहे. तीस हजार लोकांच्या बसण्याची सोय जमिनीत ठेवून तिच्यावर केवळ चालण्यासाठी रस्ता करायचा, यावरून बसण्याविषयी या शहराची भूमिका पुरेशी स्पष्ट होते. त्याच रस्त्यावर गावातल्या मिल्यो नावाच्या एका वल्लीचा पुतळा आहे. तो एक हात कानामागे धरून निवांत बसला आहे, आणि लोक त्याच्या कानात आपली इच्छा सांगतात. मीही सांगितली. तिथल्या तिथे ती पुरी करणे त्याच्या हाती नव्हते, कारण त्याच्या शेजारच्या जागेवर फोटो काढणाऱ्यांची रांग होती.

पुढे टेकड्या लागल्या. प्लोवदिव सात टेकड्यांचे शहर म्हणून ओळखले जाते, पण प्रत्यक्षात सहाच उरल्या आहेत. मार्कोवो तेपे ही सातवी टेकडी दगडासाठी फोडून फोडून संपवली, तो दगड शहरातल्या रस्त्यांच्या फरसबंदीला गेला आणि टेकडीच्या जागी आता मॉल उभा आहे. आपल्याकडे टेकडी फोडली की निदान तिचे नाव सोसायटीला देऊन विषय संपवतात. इथे ती पायांखाली पसरून ठेवली आहे, तेव्हा सहा टेकड्या चढणाऱ्याला सातवी तुकड्यातुकड्यांनी भोगावीच लागते. जुन्या गावातले ते गोटे गुळगुळीत, गोलसर आणि एकमेकांशी अजिबात न जुळणारे आहेत. त्यावर पाय सरळ पडत नाही, आणि गाईड मात्र उलटा चालत होता.

अशा अवस्थेत हिसार कापिया नावाच्या जुन्या वेशीपाशी मला एक पायरी दिसली. एका बंद दाराची, दगडी, रुंद आणि पूर्ण रिकामी. पायरीच्या बाजूला लाकडी खुर्चीवर एक आजी बसल्या होत्या. डोक्याला रुमाल, पायांत लोकरीचे मोजे (तापमान छत्तीस अंश), आणि मागे भिंतीवर दोरी बांधून क्रोशाचे विणकाम विकायला टांगलेले. खुर्चीवर दोन उशा होत्या. एकीवर आजी होत्या आणि दुसरी पाठीशी उभी होती. परक्या दारात विचारून बसावे या संस्काराने मी पायरीकडे बोट दाखवले आणि भुवया वर केल्या. आजींनी मान आडवी हलवली. सकाळचा धडा ताजा होता, आडवी म्हणजे हो, म्हणून मी आभाराचा नमस्कार करून बसलो.

आजी किंचाळल्या. “स्तुदेनो! स्तुदेनो!” असे म्हणत त्या खुर्चीतून उठल्या, माझ्या दंडाला धरले आणि वयाला न शोभणाऱ्या ताकदीने मला उभे केले. वेशीच्या तटबंदीविषयी सांगणारा गाईड थांबला, जथा वळला, आणि पुढचा सगळा संवाद जाहीर भाषांतरासह पार पडला.

“त्या म्हणतात, दगड थंड आहे,” गाईड म्हणाला. “थंड दगडावर बसलं की मूत्रपिंडं गारठतात.”

माझ्या मूत्रपिंडांचा उल्लेख आजवर डॉक्टरांनीसुद्धा केबिनचे दार लावून केलेला आहे. इथे तो वेगवेगळ्या देशांतल्या वीसेक माणसांसमोर झाला, आणि त्यातल्या एका जर्मन बाईंनी सहानुभूतीने माझ्या कमरेकडे पाहिले.

“पण त्यांनी आधी मान आडवी हलवली होती,” मी म्हणालो.

गाईडने विचारून घेतले. खुलासा असा झाला की दारावरून रोज परदेशी लोक जातात, त्यांचा घोटाळा होऊ नये म्हणून आजी परदेशी माणसांपुरती मान परदेशी पद्धतीने हलवतात. म्हणजे त्या माझ्यासाठी माझ्या बाजूला आल्या होत्या आणि मी त्यांच्यासाठी त्यांच्या बाजूला गेलो होतो. जथा हसला. मी पायरीवर तळहात ठेवला आणि लगेच उचलला, कारण उन्हाने दगड तव्यासारखा तापलेला होता.

“त्यांना सांगा, दगड गरम आहे.”

गाईडने सांगितले. आजींनी माझ्याकडे, अडाण्याकडे पाहावे तसे पाहिले आणि दोनच शब्द बोलल्या.

“त्या म्हणतात, वरून गरम आहे.”

या युक्तिवादाला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हते आणि आजही नाही. दगड आतून थंड असतो आणि ती थंडी बसणाऱ्याची वाट पाहत असते, हे ज्याला पटले त्याला थर्मामीटर दाखवून उपयोग नाही. मी सौभाग्यवतींकडे पाहिले. एव्हाना त्या आजींच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

“अहो, उठवलंय ना त्यांनी, मग कशाला हुज्जत घालताय? आणि उंबऱ्याशी बसू नये, हे काय आपल्याकडे नाही?”

हा उंबरा नसून त्याबाहेरची पायरी आहे, हा मुद्दा मी मांडला. तो सौभाग्यवतींनी आजींना हातवाऱ्यांनी सांगितला, आजींनी तो हातवाऱ्यांनीच उडवून लावला आणि दोघी हसल्या. एक अक्षर समाईक नसताना या दोन बायकांचे माझ्याविषयी जितके एकमत झाले तितके आमच्या घरात टीव्हीच्या आवाजाविषयीही झालेले नाही.

मी पायरीचा नाद सोडून वेशीच्या कमानीखाली गेलो. तिथे सावली होती आणि पलीकडच्या बाजूने छान वारा येत होता. भिंतीला पाठ टेकतो तोच मागून पुन्हा किंकाळी आली. घामेजलेल्या अंगावर आरपार वारा घेणे हे दगडावर बसण्यापेक्षाही भयंकर आहे, त्याने मान धरते, कान जातात आणि कधीकधी माणूसही जातो, असे गाईडने भाषांतर केले, आणि ते करताना त्याचा चेहरा हसरा नव्हता. त्याची आजीही हेच म्हणते, अशी पुस्ती त्याने जोडली आणि स्वतः कमानीतून दोन पावले बाजूला सरकला. मग मी नेमके कुठे थांबावे, असे मी विचारले. आजींनी रस्त्याच्या मध्यावर, रणरणत्या उन्हात, सातव्या टेकडीच्या गोट्यांकडे बोट दाखवले.

शेवटचा प्रयत्न म्हणून मी पाठीशी उभ्या असलेल्या उशीविषयी विचारणा केली. ती उशी मांजराची आहे, असे उत्तर आले. मांजर दिसत नाही, असे मी निदर्शनास आणले. “येईल,” आजी म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून एक आलुबुखार काढून, स्वतःच्या पदराशी पुसून मला दिले, आणि ते मी उन्हात उभ्याने खाल्ले. फळ गोड होते, हे मी नाकारत नाही. सौभाग्यवतींनी क्रोशाचा एक चौकोनी रुमाल घेतला. तो चौपदरी करून बसायला चांगला होईल असे मी सुचवले, तेव्हा तो टीव्हीखाली घालायचा आहे असे मला सांगण्यात आले.

यानंतर आम्ही मानववंश संग्रहालयात गेलो. एका धनाढ्य व्यापाऱ्याने १८४७ साली बांधलेला हा वाडा खरोखर पाहण्यासारखा आहे. पुढची बाजू लाटेसारखी वळलेली, निळसर भिंतींवर नक्षी, आत लाकडी कोरीव छत. खुर्च्याही सुंदर आहेत, पण त्या पाहायच्या आहेत. गायदा या कातडी पिशवीच्या बल्गेरियन फुंकवाद्यापाशी गाईडला भरते आले आणि त्याने सांगितले की १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात पाठवली, तिच्यात इथून जवळच्या रोदोपी डोंगरातल्या वाल्या बाल्कान्स्का यांनी गायलेले लोकगीत आहे. मी हात वर केला. त्याच तबकडीवर आमच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, दोघी बायका जवळजवळ पन्नास वर्षे एकाच तबकडीवरून सूर्यमालेबाहेर चालल्या आहेत, आणि आज इथे त्या दोघींच्या गावांकडची माणसे समोरासमोर उभी आहेत, हे मला सांगायचे होते. “प्रश्न शेवटी घेऊ,” गाईड म्हणाला. हा प्रश्न नव्हता, ही माहिती होती. त्यानंतर लगेच एका गृहस्थांनी स्वच्छतागृह कुठे आहे असे विचारले आणि त्यांना तत्काळ, नकाशासह उत्तर मिळाले. शेवटी प्रश्न घेतले गेले तेव्हा तो पैसे गोळा करण्यात गुंतला होता. केसरबाई राहिल्याच.

सहलीचा शेवट पुरातन नाट्यगृहापाशी झाला. पहिल्या शतकाच्या अखेरीस बांधलेले, शतकानुशतके मातीखाली राहून गेल्या शतकात पुन्हा उजेडात आलेले आणि आज प्रयोगांसाठी वापरात असलेले हे नाट्यगृह फुकट्या जथ्याला वरच्या कठड्यावरून दाखवतात. समोर हजारो संगमरवरी जागा रिकाम्या आणि आम्ही लोखंडाला टेकून उभे. त्या बैठकांवर शहरातल्या निरनिराळ्या जमातींची नावे कोरलेली आहेत, कारण कोणी कुठे बसायचे हे रोमन काळातच ठरले होते. तेव्हाच्या फिलिपोपोलिसमध्ये आरक्षण मिळवणे आम्हाला शक्य नव्हते, पण आजच्या शहराला एक बाकडे ठेवता येऊ नये? संस्कृती पाहायला सवड आणि पैसा ज्या वयात हाती येतो त्याच वयात गुडघे जातात, जगभरच्या अशा सहलींतले निम्मे लोक साठीच्या आसपासचे असतात हे डोळ्यांना दिसते, आणि तरीही प्रत्येक शहर आपला इतिहास उभ्यानेच सांगते. कॉफीवाल्याच्या खुर्च्या असतात. त्या कॉफीच्या भावात मिळतात. आणि फुकट सहलीच्या अखेरीस ‘तुम्हाला वाटेल ते द्या’ असे म्हणत जो हात पुढे येतो तो सगळ्यांच्या देखत येतो, त्यामुळे मला जे वाटले ते न देता जर्मन बाईंनी दिले तेवढे मी दिले.

रात्री मात्र तिकीट काढून आम्ही त्याच नाट्यगृहात आत गेलो. उन्हाळ्यात इथे आंतरराष्ट्रीय लोककला महोत्सव भरतो. स्थानिक मंडळी सहकुटुंब आली होती आणि प्रत्येकाच्या बगलेत उशी होती, यावरून आजींचे मत वैयक्तिक नव्हते हे लक्षात आले. शेजारच्या बाईंनी त्यांची जादा उशी पुढे केली. सौभाग्यवतींना. मी उघड्या संगमरवरावर बसलो आणि खरे सांगायचे तर तो थंड होता, पण हे मी त्या वेळी कोणालाही सांगितले नाही.

कार्यक्रम देखणा झाला. शेवटी नाचणारी मुले-मुली प्रेक्षकांत शिरली आणि लोकांना हाताला धरून खाली नेऊ लागली, कारण होरो हा साखळीने, हातात हात घालून करायचा नाच आहे आणि त्यात प्रेक्षक नावाची वेगळी जात मानत नाहीत. माझ्यासमोर एक भरतकामाची बाही आली. मी मान हलवली. नेमकी कशी हलवली ते आता आठवत नाही, पण कशीही हलवली असती तरी परिणाम तोच झाला असता. गाणे सात मात्रांचे होते, त्यामुळे मला थोडा धीर आला, कारण सात मात्रा म्हणजे रूपक ताल. पण रूपक तीन-दोन-दोन असा चालतो आणि यांचा राचेनित्सा नावाचा नाच दोन-दोन-तीन असा. लांब पाऊल जिथे मी टाकत होतो तिथे ते तोकडे टाकत होते, आणि जिथे ते रेंगाळत होते तिथे मी पुढच्या माणसाच्या टाचेवर होतो. डाव्या हाताला धरलेल्या आजोबांनी मला ते समजावून सांगितले. नाचता नाचता, बल्गेरियनमध्ये, अखेरपर्यंत.

सौभाग्यवतींनी उशीवर बसून याचे चित्रीकरण केले आणि आम्ही हॉटेलवर पोहोचण्याआधी ते कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर पोहोचले. पहिली प्रतिक्रिया धाकट्या मेहुण्याची आली : “भावोजी, मे महिन्यात मुंजीच्या पंगतीत वाढायला बोलावलं तेव्हा तुमचे गुडघे दुखत होते ना?” तिला अठरा अंगठे मिळाले आहेत, त्यांतला एक आमच्याच घरातला आहे.