झोळी सैल झाली, म्हणून पिशवी फेकायची?

ओपीडीत आलेल्या एका मावशींनी तपासणीआधीच सुनेचा फोन माझ्यापुढे धरला. "हे वाचा आधी, मग बोला." महिलांच्या ग्रुपांवरून फिरणारा तो मजकूर माझ्याकडेही दोनदा येऊन गेला होता. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: अंग बाहेर येत असेल, म्हणजे गर्भाशय योनीवाटे खाली उतरत असेल, तर चाळिशीतच पिशवी (गर्भाशय) काढून मोकळं व्हा, मूळच गेलं की त्रास संपला. पिशवी ठेवून केलेल्या ऑपरेशनांपैकी तीनात एक फसतं. उतरलेल्या अंगाला आधार म्हणून आत शिवतात त्या कृत्रिम जाळीवर तर अमेरिकेने बंदीच घातली आहे. अंग आत धरून ठेवण्यासाठी योनीत बसवायची रिंग आणि व्यायाम म्हणजे वेळकाढूपणा.

मावशी ठरवूनच आल्या होत्या: "काढूनच टाका."

पहिली चूक 'मूळ' या शब्दातच आहे. अंग बाहेर येतं तेव्हा पिशवी बहुतेक वेळा निरोगी असते. ओटीपोटाच्या तळाशी स्नायू आणि बंध यांची एक झोळी असते. तिच्यावर पुढे लघवीची पिशवी, मध्ये गर्भाशय आणि मागे गुदाशय टेकलेले असतात. बाळंतपणं, वर्षानुवर्षांचा खोकला, बद्धकोष्ठ, डोक्यावरचं ओझं यांनी झोळीचं कापड ताणतं आणि जे तिच्यात आहे ते खाली सरकतं. झोळीतली एक वस्तू काढून टाकल्याने कापड घट्ट होत नाही. पिशवी काढल्यावर योनीचं वरचं टोक मोकळं राहतं. ते पक्क्या बंधाला नीट बांधलं नाही, तर मोजा उलटा व्हावा तसं तेच पुढे बाहेर येऊ शकतं. तेव्हा पिशवी काढली तरी खरं काम बांधण्याचंच असतं, आणि फॉरवर्डमध्ये त्या कामाबद्दल एक अक्षर नाही.

पिशवी काढल्यावर पुढे काय होतं याच्या देशभराच्या नोंदी स्वीडनमध्ये आहेत. कॅन्सर नसताना पिशवी काढलेल्या १,६५,२६० बायकांची न काढलेल्या सुमारे पावणेपाच लाख बायकांशी तुलना झाली. १९७३ ते २००३ असा तीस वर्षांचा काळ होता. खोकताना-शिंकताना लघवी गळते म्हणून पुढे ऑपरेशन करावं लागण्याचा धोका पिशवी काढलेल्यांमध्ये दुपटीहून जास्त निघाला. निव्वळ नोंदींवरून काढलेला निष्कर्ष आहे, त्यामुळे सगळा दोष ऑपरेशनवर टाकता येणार नाही. पण 'मूळ गेलं की त्रास संपला' हे त्या आकड्यांपुढे टिकत नाही.

पिशवी ठेवून अंग वर बांधणं ही काही परदेशातून आलेली नवी टूम नाही. मूळचे गोव्याचे, पण मुंबईत काम केलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर गर्भाशयाच्या तोंडाच्या टाक्यामुळे जगभर ओळखले जातात. त्यांनीच पिशवी मागच्या बाजूने माकडहाडाच्या वरच्या हाडाला पट्टीने बांधण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. मुंबईच्याच डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी पोटाच्या भिंतीतल्या पट्ट्यांनी पिशवीचं तोंड पुढून बांधलं. का? कारण समोर तरुण बायका होत्या, ज्यांना अजून मूल हवं होतं. 'मुंबईचे स्लिंग' म्हणून आमच्या पिढीने ही ऑपरेशनं परीक्षेसाठी घोकली. आज तीच गोष्ट दुर्बिणीतून केली की लोकांना अत्याधुनिक वाटते!

'तीनात एक फसतं' या आकड्याची गंमत वेगळीच आहे. तो १९९७ साली छापलेल्या, अमेरिकेतल्या ऑरेगॉनच्या अभ्यासातून आला. १९९५ या एका वर्षात अंग बाहेर येणं किंवा लघवी गळणं यासाठी ऑपरेशन झालेल्या ३९५ बायकांपैकी २९.२ टक्क्यांचं पूर्वीही असं ऑपरेशन झालेलं होतं. हा मागे वळून मोजलेला आकडा आहे. दवाखान्याच्या रांगेतल्या दहापैकी तिघी पूर्वी येऊन गेल्यात, म्हणून आज गेलेल्या दहापैकी तिघी परत येतील असं होत नाही. त्याच बायकांचा पुढे माग काढला तेव्हा दहा वर्षांत पुन्हा ऑपरेशन लागलेल्यांचं प्रमाण १७ टक्के भरलं. तेही थोडं नाही. पण तो आकडा सगळ्या प्रकारच्या ऑपरेशनांचा मिळून होता, पिशवी काढलेल्याही त्यात आल्या. 'पिशवी ठेवून केलेली' हे शब्द कुणीतरी वाटेत घुसवले.

त्या दोन पद्धतींची थेट तुलना नेदरलँड्समध्ये झाली. योनीमार्गे पिशवी काढणं आणि पिशवी ठेवून आतल्या बंधाला टाक्यांनी बांधणं, यांत एका वर्षानंतर पिशवी ठेवणं कमी ठरलं नाही. पुढे २०२३ मध्ये तिथल्याच ४३४ बायकांच्या चाचणीत पिशवी ठेवण्याच्याच दोन पद्धती समोरासमोर आल्या. दोन वर्षांनी जुनी मँचेस्टर पद्धत (पिशवीच्या तोंडाचा भाग कापून बंध आखडून शिवण्याची) ८७.३ टक्के यशस्वी, तर बंधाला बांधण्याची ७७ टक्के. मँचेस्टरची मुळं एकोणिसाव्या शतकातली.

जाळीबद्दल फॉरवर्ड अर्धं खरं बोलतं, म्हणून जास्त फसवतं. २०१० मध्ये अमेरिकेत अंग बाहेर येण्यावरच्या सुमारे तीन लाख ऑपरेशनांपैकी एक लाखांत जाळी वापरली गेली, आणि त्यातल्या ७५ हजारांत ती योनीमार्गे घातली होती. जाळी उघडी पडणं, दुखणं, संबंधांच्या वेळी वेदना अशा तक्रारींचा ढीग झाला. तिथल्या औषध प्रशासनाने २००८ आणि २०११ मध्ये इशारे दिले आणि १६ एप्रिल २०१९ ला अंग बाहेर येण्यासाठी योनीमार्गे घालायच्या जाळीची विक्री थांबवली. योग्यच केलं. ब्रिटनच्या मोठ्या चाचणीत पहिल्या दोन वर्षांत जाळीचा जादा फायदा दिसला नव्हता, आणि दहात एकीहून जास्त जणींना जाळीचाच त्रास झाला होता.

मात्र पोटातून बसवायची जाळी आणि लघवी गळण्यासाठीची मूत्रमार्गाखालची पट्टी या आदेशात नव्हती. ब्रिटनने २०१८ मध्ये ती पट्टीही थांबवली, तो वेगळा निर्णय. आणि जाळी वाईट ठरली म्हणून पिशवी काढणं चांगलं ठरतं, हा तर्क कुठून आला? योनीमार्गे जाळी न घालता, नुसत्या टाक्यांनी बांधता येतंच की.

'चाळिशीतच' या शब्दाचा मात्र मला राग येतो. बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेलं. पाहणी केलेल्या ८२ हजारांहून जास्त जणींपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीमुळे कामात खाडा नको, मुकादमाचा दंड नको, आणि 'पुढे कॅन्सर होईल' ही भीती घातलेली. देशपातळीवर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयातल्या सुमारे ३ टक्के बायकांनी पिशवी काढल्याचं सांगितलं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना अनावश्यक शस्त्रक्रियांविरुद्धचे निर्देश तीन महिन्यांत अमलात आणायला सांगितलं. हा फॉरवर्ड नेमका त्याच भीतीला हवा देतो. त्यातच सोबत अंडाशयं काढली की रजोनिवृत्ती अकाली येते आणि हाडांची झीज लवकर सुरू होते.

पिशवी काढायचीच नाही असं माझं म्हणणं नाही. पाळी गेल्यावर रक्त जात असेल, पिशवीच्या तोंडाशी कॅन्सरपूर्व बदल असतील, मोठ्या गाठी असतील, तर काढावी. पण मग ऑपरेशन करणाऱ्याला विचारावं, "वरचं टोक कशाला बांधणार?"

रिंगचं उत्तर मी मावशींना आकड्यांसकट दिलं. नेदरलँड्समधल्या ४४० बायकांच्या चाचणीत दोन वर्षांनी बरं वाटल्याचं ऑपरेशनच्या गटात ८१.५ टक्के जणींनी सांगितलं आणि रिंगच्या गटात ७६.३ टक्के. रिंगच्या गटातल्या निम्म्याहून जास्त जणी मधल्या काळात ऑपरेशनकडे वळल्या, हेही लपवलं नाही. व्यायामाने उतरलेलं अंग पूर्ण वर चढत नाही, पण शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली केला तर जडपणा कमी होतो.

मावशींनी रिंग हातात घेऊन उलटसुलट पाहिली, काढून धुवायची कशी ते दोनदा करून दाखवायला लावलं. "सोयाबीन निघेपर्यंत हीच राहू द्या," म्हणाल्या. "मग बघू बांधायचं."