‘सीट मऊ घ्या, पावडर लावा, सवय होईल’: सायकलवाल्या बायकांच्या नावाने फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. आमच्या जळगावच्या रविवारच्या सायकल ग्रुपवर, माहेरच्या भुसावळच्या ग्रुपवर, शाळेतल्या मैत्रिणीकडून आणि शेवटी चोपड्याच्या मामेबहिणीकडून. तिने तर वर ‘अगदी खरं आहे गं’ असंही लिहिलेलं. मेसेजचं नाव ‘सायकल चालवणाऱ्या भगिनींसाठी सहा सोनेरी नियम’. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी सांगते. पहिला: सीट जितकी मऊ आणि रुंद तितकी चांगली, वरून जेलचं कव्हर घाला. दुसरा: निघताना जांघेत भरपूर टाल्कम पावडर लावा. तिसरा: सायकलच्या शॉर्टच्या आत सुती निकर हवीच. चौथा: स्वच्छतेसाठी तिथले केस मुळापासून काढा. पाचवा: सीट इतकी खाली ठेवा की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकतील. आणि सहावा: आग होणारच, महिन्याभरात कातडी निबर होते, सवय होते, नाहीच झाली तर सायकल तुमच्या शरीराला मानवत नाही असं समजा, गर्भाशयावर परिणाम होण्याआधी सोडा.

मी डॉक्टर नाही. सहा वर्षं सायकल चालवते, आणि यातले चार नियम इमानेइतबारे पाळून जांघा सोलून घेतल्यात. एवढा अधिकार पुरेसा आहे असं धरून चालते.

सहावा नियम आधी घेते. बाकीचे पाच चुकीचे असले तरी भाबडे आहेत, हा तसा नाही. गर्भाशय ओटीपोटात खोलवर, स्नायूंच्या आणि बंधांच्या आधाराने असतं. सीटवर भार येतो तो बुडाच्या हाडांवर आणि बाहेरच्या मऊ भागावर. २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सायकल चालवणाऱ्या, पोहणाऱ्या आणि धावणाऱ्या मिळून तीन हजारांवर बायकांची माहिती तपासली होती. लैंगिक आरोग्याच्या बाबतीत सायकलवाल्या बाकीच्यांच्या मागे नव्हत्या. बधिरपणा, सीटमुळे येणारे फोड आणि लघवीचा जंतुसंसर्ग मात्र त्यांच्यात जास्त दिसला. म्हणजे त्रास खराच आहे, पण तो कातडीचा, नसांचा आणि मूत्रमार्गाचा. त्यावर उपाय आहेत. बाकी, आमच्याकडे बाया दिवसदिवस वाकून कापूस वेचतात, डोक्यावर गाठोडं घेऊन बांध ओलांडतात, तेव्हा गर्भाशयाची काळजी करणारा मेसेज कुणी पाठवल्याचं मला आठवत नाही.

आता मऊ सीट. हा नियम सगळ्यात जास्त पटतो आणि सगळ्यात जास्त फसवतो. मीही फसले. पहिल्या वर्षी एका दुकानातून जाडजूड जेलचं कव्हर आणलं. दुकानदार म्हणाला, ‘ताई, सोफ्यासारखं वाटेल.’ वाटलंही, पाळधीपर्यंत. एरंडोल येईतो एक बाजू बधिर झालेली आणि दोन्ही मांड्या आतून लाल. परतीचे तीस किलोमीटर मी निम्मे उभ्याने पायडल मारत काढले.

असं का होतं ते पोळपाटावर बघता येतं. ताज्या मळलेल्या कणकेच्या गोळ्यात दोन बोटं खुपसा. बोटं आत जातात आणि त्यांच्या मधली कणीक वर फुगते. बोटं म्हणजे बुडाची दोन हाडं, ज्यांच्यावर आपण खुर्चीत बसतो ती. सीट फार मऊ असली की ही हाडं रुततात आणि मधला फुगवटा नेमका तिथे दाबतो जिथे हाड नाही, नुसत्या नसा आणि नाजूक मांस आहे. कडक सीटवर भार हाडांवर राहतो. हाडं चार दिवस दुखतात, पण त्यांचं कामच भार घेण्याचं आहे.

रुंदीचंही तसंच. मिनिटाला पासष्ट-सत्तर पायडल धरले तर तासाला चार हजारांच्या आसपास फेरे होतात. सीटची पुढची बाजू गरजेपेक्षा रुंद असली, तर तितक्या वेळा मांडीची आतली बाजू तिच्या कडेवर घासते. मग कातडी कितीही जाड असो. मागची बाजू मात्र हाडांना पुरेल इतकी रुंद हवीच, आणि बायकांमध्ये ही हाडं सरासरीने एकमेकांपासून जरा लांब असतात हे खरं. अरुंद सीटवर ती कडेवरून घसरतात आणि भार पुन्हा मध्येच येतो. तेव्हा प्रश्न ‘मऊ की कडक’ असा नाही, तुमच्या मापाची आहे का असा आहे.

माप घरी घेता येतं. रावेर-सावद्याकडची केळी परदेशी जायला ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरतात, तसला एक खोका आमच्या घरी पडून होता. त्याचा पन्हळी पुठ्ठा कापून ओट्याच्या पायरीवर ठेवला, पातळ पायजमा घालून त्यावर बसले, जरा पुढे वाकले, टाचा उचलल्या आणि मिनिटभर थांबले. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे. उजेडाला तिरपा धरला की स्पष्ट दिसतात. खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत टेप लावली: माझे तेरा सेंटिमीटर. मग भाचीला बसवलं. ती अंगाने माझ्यापेक्षा भरलेली, तिचे निघाले साडेअकरा. बाईचं अंग बघून ‘हिला रुंद सीट द्या’ म्हणणाऱ्या दुकानदारांनी हे एकदा करून बघावं. निघालेल्या मापात साधारण दोन सेंटिमीटर मिळवायचे, ताठ बसून चालवत असाल तर थोडे जास्त. तेवढी सीटची मागची रुंदी. मध्ये खाच असलेली सीट पुष्कळ जणींना बरी पडते, काहींना त्या खाचेच्याच कडा टोचतात. हे बसून बघितल्याशिवाय कळत नाही.

एक कबूल करते. बाजारात जाऊन यायचं, हँडल उंच, पाठ ताठ, पंधरा मिनिटांचं अंतर, तर स्प्रिंगची रुंद लेडीज सीट छान आहे. माझ्या आईची तशीच होती आणि तिने कधी तक्रार केली नाही. मेसेजवाल्याने तोच हिशेब पन्नास किलोमीटरला लावला.

पाचवा नियम, म्हणजे सीट खाली ठेवायचा, यालाच जोडून घ्यायला हवा, कारण तो शाळकरी मुलींनाही भोवतो. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या कितीतरी मुलींना सायकली मिळाल्यात. रस्त्यात त्या दिसल्या की माझी नजर आधी सीटवर जाते. बहुतेकींची पार तळाला बसवलेली, गुडघे छातीकडे येतायत. सीट खाली असली की पायांवर भार पडत नाही, सगळं वजन बुडावर बसतं. फार उंच असली तर उलटा त्रास: पाय पुरवण्यासाठी कंबर डावी-उजवीकडे हेलकावते आणि प्रत्येक हेलकाव्याला सीट घासते. सोपी खूण अशी: भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने चालवताना गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहतो. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं, बसून राहायचं नाही. चाळिशीत शिकलेल्या आम्हा बायकांना याचीच भीती जास्त, विशेषतः जळगावच्या चौकांत. आठवडाभर रिकाम्या मैदानावर सराव केला की जाते.

आणि सीटचं टोक. ते वर उचललेलं असेल तर बाकी सगळे उपाय पाण्यात. साध्या सायकलीला सीटखाली नट असतो, १३ नाहीतर १४ नंबरचा पाना लागतो. मोबाईलमधली पाणसळ सीटवर ठेवून सीट सपाट करायची, मग टोक अंश-दोन अंश खाली. फार झुकवलं तर आपण पुढे घसरत राहतो आणि मनगटं दुखतात. शर्यतीच्या सायकलींना पूर्वी सीट जवळजवळ सपाटच ठेवावी लागे. आता आंतरराष्ट्रीय नियमात नऊ अंशांपर्यंत मुभा आहे. हँडल सीटपेक्षा खाली असलं की पुढच्या मऊ भागावर दाब वाढतो, हेही बायकांवरच्या अभ्यासात दिसलंय. तेव्हा नव्या बाईने रुबाबासाठी हँडल खाली घेऊ नये.

आत निकर घालायचा नियम कुठून आला हे मी समजू शकते. पॅडवाली शॉर्ट आतून काही न घालता वापरायची, हे मी घरी सांगितलं तेव्हा आई पोळी लाटता लाटता थांबली होती. पण पॅड त्यासाठीच शिवलेलं असतं, कातडीला लागून, जोड नसलेलं. मध्ये निकर आली की तिच्या मांडीवरच्या शिवणी तेच चार हजार फेरे मारतात आणि सुती कापड घाम धरून बसतं. लाज वाटत असेल तर शॉर्टवर सैल ट्रॅकपँट घाला, कुर्ता घाला, एरंडोलच्या चहावाल्याला काही कळत नाही. शॉर्ट परवडत नसेल तर निदान सलवार उलटी करून बघा. जांघेत जिथे चार शिवणी एका ठिकाणी येतात, ती गाठ सीटवर येते. जीन्सची तर विचारूच नका. शॉर्ट दर वेळी धुवायची आणि उलटी करून उन्हात वाळवायची. आमच्यातल्या दोघी ती दोरीवर टॉवेलखाली लपवून वाळवायच्या आणि दर पंधरा दिवसांनी फोड आले म्हणायच्या. खान्देशचं ऊन फुकट आहे हो, मेमध्ये तासात कडकडीत वाळते.

पावडरीचं थोडक्यात. कोरड्या अंगावर ती गुळगुळीत वाटते. घाम आला की तिची कणीक होते, शिवणीत आणि घडीत साचते, वर घामाचं मीठ. शिवाय जुलै २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने टाल्कला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. माणसांतला पुरावा मर्यादित आहे आणि पावडर लावली की कर्करोग होतो असा याचा अर्थ नाही, पण ज्या जागेबद्दल शंका आहे नेमक्या तिथेच ती ‘भरपूर’ लावायला का सांगता? त्याऐवजी घासणाऱ्या बाहेरच्या भागावर सायकलची क्रीम नाहीतर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. जेली कापडातून लवकर निघत नाही, म्हणून बोटभरच. खोबरेल तेल छोट्या फेरीला चालतं, नंतर जिरून जातं.

केस काढण्याचा नियम उलटाच आहे. केस कातडी आणि कापडाच्या मध्ये थोडी उशी करतात. मुळापासून काढले की छिद्रं उघडी पडतात, केस आत वळून वाढतात आणि त्यावर दाब आला की पुळी. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकआधी ब्रिटनच्या महिला सायकलपटूंना वॅक्सिंग आणि शेव्हिंग बंद करायला सांगितलं होतं, ते याच कारणाने. लांब वाटले तर कात्रीने कमी करा.

उरलं ‘सवय होते’. अर्धं खरं आहे. हाडांवरचं दुखणं दोन-तीन आठवड्यांत जातं. घासणं, बधिरपणा आणि सूज यांची सवय व्हायची नसते. बधिर वाटलं की दहा-पंधरा सेकंद पायडलवर उभं राहायचं, तसं दर दहा मिनिटांनी करायचंच, आणि तरीही होत असेल तर सीट चुकीची आहे. २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सहा स्पर्धक सायकलपटू बायकांची नोंद आली होती. आठवड्याला सरासरी साडेचारशेहून जास्त किलोमीटर चालवणाऱ्या, सगळ्यांना योनीच्या बाहेरच्या एका ओठाला कायमची सूज. आपण तेवढं चालवत नाही, पण एका बाजूची सूज उतरत नसेल किंवा फोडाबरोबर ताप आला तर डॉक्टरकडे जायचं. मेडिकलवरून ‘खाजेची ट्यूब’ आणायची नाही. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग कातडी पातळ होते, आणि मुळात गजकर्ण असेल तर ते चिवट होऊन पसरतं. कड उठलेली, गोल, खाजरी चकती दिसली तर ते घासणं नव्हे. जंतुनाशकाने धुण्याचीही गरज नाही, सोललेल्या कातडीवर ते नुसतं झोंबतं. साधं पाणी, कोरडं करणं आणि दोन दिवस सायकल बंद.

मेसेजमध्ये सातवा नियम असायला हवा होता, तो कुणालाच सुचला नाही: ओली शॉर्ट लगेच बदला. परतल्यावर ग्रुपचा फोटो, पोहे, चहा, आणि ओली शॉर्ट अंगावर तासभर तशीच. आता माझ्या पिशवीत सुती पायजमा असतो, पण तो बदलायचा कुठे? त्याच कारणाने आम्ही पाणीही कमी पीत होतो. मार्चच्या उन्हात गिरणेच्या पुलापासून एरंडोलपर्यंत दोन घोट, कारण पुरुष कुठेही थांबतात आणि आपल्याला जागा नाही. दोघींना लघवीचा संसर्ग झाला, तेव्हा दोष सीटला दिला गेला. वाटेत भेटणारी म्हातारी विचारते, ‘कसाले जास व माय इतलं दूर?’ तिच्याच घरात एकदा आम्ही चौघी पाळीपाळीने जाऊन आलो. बाकी रविवारी पेट्रोल पंप धरून चालतो. कुठे कडी लागते, कुठे पाणी असतं, कुठे चावी मागावी लागते, याची यादी आता ग्रुपवर वर चिकटवून ठेवलीय. पद्मालयच्या वाटेवर, एरंडोलच्या अलीकडे जो पंप आहे, तिथे कडी आहे, पाणी आहे, फक्त दिवा नाही.