"तू तशी दिसत नाहीस"

मी पुरुषांचे शर्ट घालते, गेली पंधरा-सोळा वर्षं. खांद्याला नीट बसतात आणि छातीवरच्या खिशात पेन खरंच राहतं, एवढंच कारण. पुरुषांच्या शर्टाची बटणं उजव्या बाजूला असतात, बायकांच्या शर्टाची डाव्या. बोटांना आता उजवीकडचीच सवय झालीय. कधी बहिणीचा शर्ट घातला तर पहिल्याच बटणाला हात चुकतो. केस कानाच्या वर कापलेले, कानात काही नाही.

आधीच्या नोकरीत एक सहकारी होती. एकदा जेवणाच्या सुट्टीत जवळ सरकून हळूच म्हणाली, "एक विचारू? राग नको मानूस. तुझ्या नवऱ्याला माहीत आहे ना?"

"काय?"

"हेच, की तू... तशी आहेस."

मला पुरुष आवडतात, आणि ज्याच्यावर जीव जडला त्याच्याशीच मी लग्न केलं. तिच्या त्या "तशी"ने दिवसभर डोकं भणभणत राहिलं. समलिंगी असणं मला कमीपणाचं वाटतं म्हणून नाही. माझं मन कुणाकडे ओढ घेतं हे तिने माझ्या शर्टावर वाचलं होतं, आणि तिला त्याची पक्की खात्री होती, याचा राग आला.

पण पुढचं लिहायलाच मी ही पोस्ट लिहितेय. त्यानंतर दोनेक वर्षांनी माझी कॉलेजपासूनची मैत्रीण घरी आली. लांब केस, गडद लिपस्टिक, रंगवलेली नखं, तयार होऊन निघाली की सगळ्यांच्या माना वळाव्यात अशी. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "मला मुली आवडतात. शाळेपासून. तुला सांगायचं राहिलं होतं." आणि माझ्या तोंडून काय निघालं? "पण तू तर अजिबात तशी दिसत नाहीस!"

तिचा चेहरा उतरला. "मग कसं दिसायला हवं होतं मी?" असं विचारून ती गप्प झाली. त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं. ज्या फुटपट्टीने मला मोजलं म्हणून मी चिडले होते, तीच मी तिला लावली होती.

आपण तीन वेगळ्या गोष्टींची एकच मोट बांधतो. मी स्वतःला आतून बाई समजते, पुरुष समजते की दोन्हीपैकी काहीच नाही, ही झाली ओळख. कपडे, केस, चाल, आवाज यांतून मी जगासमोर कशी येते, ही अभिव्यक्ती. आणि प्रेम कुणावर जडतं, तो लैंगिक कल. एकीवरून दुसरी ओळखता येत नाही. ट्रान्स बाईला, म्हणजे जन्मतः मुलगा ठरवली गेली पण आतून बाई आहे अशा व्यक्तीला, पुरुष आवडू शकतो किंवा बाईही. दाढी राखलेला, व्यायामाने कमावलेल्या शरीराचा पुरुष समलिंगी असू शकतो. बोलताना हात नाचवणारा, ज्याला वर्गात सगळे "बायकी" म्हणून छळतात, त्याचं एखाद्या मुलीवर मनापासून प्रेम असू शकतं.

हे काही आजचं फॅड नाही. बर्लिनचे डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १९१० साली विरुद्ध लिंगाचे कपडे घालणाऱ्यांवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. अशा लोकांना सरसकट समलिंगी समजणं चूक आहे, हे त्यांनी एकेका माणसाची हकीकत तपासून मांडलं. त्यांनी अभ्यासलेल्यांपैकी बहुतेकांना विरुद्ध लिंगाच्याच व्यक्ती आवडत होत्या. पुढे १९३३ च्या मे महिन्यात नाझींनी त्यांची लैंगिकतेवर संशोधन करणारी संस्था लुटली आणि तिथली पुस्तकं चौकात जाळली. शंभर वर्षं उलटून गेली, आणि आपण अजून शर्टाची बटणं बघतोय.

पॅरिसमध्ये १८०० साली पोलिसांनी हुकूम काढला होता, बाईला पुरुषी पोशाख करायचा असेल तर परवानगी घ्यावी. चित्रकार रोझा बोनर हिने ती घेतली, कारण जनावरांची चित्रं काढायला तिला गुरांच्या बाजारात आणि कत्तलखान्यात फिरावं लागे. ती अनेक दशकं नताली मिका या मैत्रिणीसोबत राहिली, हे खरं. पण पँटबद्दल विचारलं की ती कामाचंच कारण सांगायची. तो हुकूम रद्दबातल असल्याचं अधिकृतपणे जाहीर व्हायला २०१३ साल उजाडलं.

माझा भाचा सात वर्षांचा आहे. त्याला गुलाबी दप्तर हवं होतं, तर घरातली मोठी माणसं अक्षरशः घाबरली. "अशानेच मुलं तसली होतात." अहो, १९१८ साली अमेरिकेतलं लहान मुलांच्या कपड्यांच्या व्यापाराचं एक मासिक सांगत होतं की गुलाबी रंग मुलग्यांचा, कारण तो ठसठशीत, आणि नाजूक निळा मुलींचा. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा १८८४ सालचा फोटो आहे, वय अडीच. पांढरा झगा, खांद्यावर रुळणारे केस. तेव्हा तिथे लहान मुलगे असेच असत, कुणाला काही वाटत नसे. झग्याने कुणी समलिंगी होत नाही आणि दप्तर बदलून कुणाचा कल बदलत नाही. मुलाला एवढंच कळतं की आपल्या आवडीची घरच्यांना लाज वाटते. भाच्याने आता दप्तराचं नावच काढणं बंद केलंय, आणि त्याचीच मला जास्त काळजी वाटते.

कपडे काहीच सांगत नाहीत, असंही मी म्हणणार नाही. १८९२ साली लंडनमध्ये समलिंगी लेखक ऑस्कर वाइल्ड आणि त्याच्या मित्रांनी कोटाला कार्नेशनचं हिरवं फूल लावलं. १९७० च्या दशकात अमेरिकेतले समलिंगी पुरुष मागच्या खिशातल्या रुमालाच्या रंगावरून एकमेकांना ओळखत. कायदा आणि समाज दोन्ही विरोधात असताना आपलं माणूस शोधायला अशा खुणांचा आधार होता. पण खूण ज्याची तो करतो. अंदाज दुसरा कुणीतरी बांधतो, आणि भोगावं लागतं तिसऱ्यालाच. ट्रान्स व्यक्तीसाठी तर मनाजोगते कपडे घालून घराबाहेर पडणं म्हणजे कित्येक वर्षांनी मोकळा श्वास घेणं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या निकालात पेहरावातून आपला लिंगभाव व्यक्त करणं हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग मानला, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

मैत्रिणीची मी माफी मागितली. तिने मला माफ केलं. मग तिने मला एक गोष्ट सांगितली, जी माझ्या डोक्यातून जात नाही. मधे एकदा तिने केस एकदम बारीक कापले होते. आम्ही सगळ्यांनी "काय मस्त दिसतेस" म्हटलं होतं. खरं कारण असं, की समलिंगी मुलींच्या ज्या गटात ती मोठ्या आशेने गेली होती, तिथेही तिला कुणी आपली मानेना. "तू नक्की आमच्यातलीच ना?" असं दोघी-तिघींनी विचारलं. म्हणून केस कापले, लिपस्टिक सोडली, ढगळ शर्ट घातले.

"त्यांना मी पटले," ती म्हणाली, "पण रोज सकाळी आरशात बघायचं टाळायचे मी."

केस परत खांद्यापर्यंत यायला तिला दोन वर्षं लागली.