असईचा हत्ती आणि ग्लासगोची पलटण

भारतीय नौदलाच्या ध्वजावरचा सेंट जॉर्जचा क्रॉस २०२२ मध्ये गेला आणि त्या जागी शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी आकृती आली. तेव्हापासून ‘आता पुढचा नंबर कोणाचा’ ही चर्चा आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून पेटत असते. या खेपेस पुण्याच्या मावसभावाने मद्रास रेजिमेंटच्या चिन्हातला हत्ती धरला आहे. हा हत्ती १८०३ च्या असईच्या लढाईचा, म्हणजे मराठ्यांच्या पराभवाचा. तो स्वतंत्र भारताच्या सैन्याने का मिरवावा, असा त्याचा सवाल आहे. सवालात तथ्य नाही असे नाही. पण ‘गोऱ्यांनी मराठ्यांना हरवले’ एवढ्या एका वाक्यात तो असई ज्या ठसक्याने गुंडाळतो, तो ठसका मला ग्लासगोत बसून सोसवत नाही.

कारण तोच हत्ती इथेही आहे. ७४ वी हायलँड पलटण सर आर्चिबाल्ड कँबेल यांनी १७८७ मध्ये उभी केली ती हिंदुस्थानातल्या कामगिरीसाठीच. ती १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध लढली आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला जवळजवळ संपली. कंपनी सरकारने ७४ व्या आणि ७८ व्या या दोन्ही स्कॉटिश पलटणींना हत्तीचे चित्र असलेले खास निशाण बहाल केले. पुढे १८८१ मध्ये ७४ वी पलटण ग्लासगोच्या हायलँड लाइट इन्फंट्रीत गेली, १९५९ मध्ये त्या रेजिमेंटचे रॉयल हायलँड फ्युजिलिअर्समध्ये विलीनीकरण झाले आणि २००६ मध्ये रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंडमध्ये. नावे बदलली, निशाण मात्र यांनी जपले.

जालना जिल्ह्यातल्या त्या रणात नेमके काय घडले, हे मावसभावाने एकदा शांतपणे वाचावे. केळणा नदीला जवळपास उतार नाही, असे वाटाड्यांनी ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्लीला (पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन) सांगितले होते. परंतु दोन्ही काठांवर समोरासमोर गावे दिसताच त्यांच्यामध्ये ये-जा असणारच, हे त्याने ताडले आणि फौज पाण्यात घातली. पलीकडे गेल्यावर ऑरॉक नावाच्या अधिकाऱ्याची पुढची तुकडी वाट सोडून उजवीकडे, थेट असई गावाच्या रोखाने सरकली आणि मागून येणारी ७४ वी पलटण तिच्या पाठोपाठ तोफांच्या तोंडी गेली. गोळ्यांनी फळी फोडल्यावर मराठी घोडदळ तिच्यावर आले, तेव्हा उरलेल्यांनी आपल्याच मृतांच्या राशींआड चौकोन धरला. १९ व्या ड्रॅगून्सचे घोडेस्वार धावून आले नसते तर तोही टिकला नसता. दहा अधिकारी ठार, सात जखमी आणि सुमारे पाचशेंपैकी चारशेच्या आसपास माणसे पडलेली, असा एका पलटणीचा एका दुपारचा हिशेब आहे. दुसऱ्या टोकाला ७८ वी पलटण तोफांवरून पुढे निघून गेल्यावर मेल्याचे सोंग घेऊन पडलेले शिंद्यांचे गोलंदाज उठले आणि त्यांनी त्याच तोफांनी तिच्या पाठीवर मारा सुरू केला.

आता हे ‘गोरे’ आणि ‘मराठे’ कोण, ते पाहू. वेलस्लीच्या पायदळात बहुसंख्य शिपाई मद्रासचे होते. त्याच्या दिमतीला म्हैसूरचे घोडदळ होते आणि पेशव्यांचेही होते, कारण डिसेंबर १८०२ मध्ये वसईच्या तहावर दुसऱ्या बाजीरावाने सही केलेली होती. समोर दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले. पण शिंद्यांच्या कवायती कंपूंत उत्तर हिंदुस्थानातल्या शिपायांचा भरणा, त्यांचा सेनानी पोलमन हा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा आणि जोडीला सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणी. मावसभावाच्या वाक्यात यांतले कोणीही मावत नाही. सर्वांत आधी बाहेर पडतो तो मद्रासी शिपाई, ज्याच्या नावाने खरे तर हा सगळा वाद चालू आहे.

इथे निदान पुसण्याची घाई नाही. क्वीन स्ट्रीटवर डोक्यावर ट्रॅफिकचा कोन घातलेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन उभा आहे, त्याच्या चौथऱ्यावर वॉटर्लूबरोबर असईही कोरलेली आहे आणि कोणाचे काही बिघडत नाही. अर्थात त्या चौथऱ्यापाशी ग्रेग्ज बेकरीचा सॉसेज रोल खाणाऱ्या दहा जणांना असई कुठे आहे हे विचारले, तर दहाही जण खांदे उडवतील, हेही कबूल केले पाहिजे. ७४ व्या पलटणीचा कर्नल सीटन इथे आठवतो तो १८५२ मध्ये बर्कनहेड जहाज बुडताना त्याने सैनिकांना डेकवर रांगेत उभे ठेवले आणि स्त्रिया व मुले होड्यांतून वाचली म्हणून. ते जहाज दक्षिण आफ्रिकेत खोसा लोकांशी चाललेल्या युद्धासाठी कुमक घेऊन निघाले होते, हे सांगायला मात्र कोणाला सवड नसते. जपणे वेगळे आणि जाणणे वेगळे, हे मला ग्लासगोने शिकवले.

माझी स्वतःची गोष्ट याहून बरी नाही. माझे शालेय शिक्षण तेव्हाच्या औरंगाबादेत झाले. आमच्या सहली अजिंठ्याला जात. तिथून फार लांब नसलेली असई आम्हाला कोणी दाखवली नाही आणि मीही कधी पाहायला गेलो नाही. ते नाव मला खऱ्या अर्थाने भेटले ते या शहरातल्या दगडावर. भारतातून पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतो, आणि चौकोन धरून उभ्या राहिलेल्या ७४ व्या पलटणीचे वर्णन करताना माझ्या आवाजात जे कौतुक उतरते, ते शिंद्यांच्या गोलंदाजांच्या वाट्याला जरा उशिराने येते. पाहुण्यांच्या ते लक्षात येत असावे.

मराठ्यांविरुद्ध मिळालेले असले युद्धसन्मान भारतीय सैन्य तसेही साजरे करत नाही. हत्तीही उतरवायचा असेल तर खुशाल उतरवावा. पण त्याआधी तो मद्रासी शिपाई आपला की परका, याचे उत्तर मावसभावाने द्यावे, एवढेच मी ग्रुपवर लिहिले. त्यावर त्याने माझा पासपोर्ट कोणत्या देशाचा, असे विचारले. पासपोर्ट ब्रिटिश आहे, आणि त्यामुळे असईबद्दल बोलण्याचा माझा हक्क कमी होतो की वाढतो, हे मला ठरवता आलेले नाही. मात्र मे १८०३ मध्ये वेलस्लीनेच पुन्हा गादीवर बसवलेल्या पेशव्याच्या पुण्याहून हा प्रश्न यावा, याची मला मोठी मौज वाटते.