कोंबड्याच्या पायाची गाठ ब्लेडनं फोडू नका

गेले काही दिवस आमच्या भागातल्या ग्रुपवर एक व्हिडिओ सारखा फिरतोय. कोंबड्याचा पाय सुजला की नवं ब्लेड घ्या, गाठ चिरा, पू दाबून काढा, हळद-चुना भरून घट्ट बांधा, माणसाची अँटिबायोटिक कॅप्सूल पाण्यात फोडून पाजा, आणि आठवड्यात चालला नाही तर कापून खा. करवीर तालुक्यात आमच्याकडं घरटी चार-दोन गावरान पाखरं आहेत. दोघा-तिघांनी हा उपाय करूनही बघितला, म्हणून हे लिहितोय.

पहिलं, पू दाबून येत नाही. माणसाच्या गळवातला पू पातळ असतो, वाहतो. पाखरांच्या पांढऱ्या पेशींची घडण वेगळी, त्यांचा पू आतल्या आत घट्ट होतो. गेल्या आषाढात आमचा तांबडा कोंबडा सकाळी एक पाय पोटाशी धरून उभा राहायला लागला. उलटा करून बघितलं तर तळव्यावर तुरीच्या डाळीएवढी काळी खपली आणि भोवतीचं मांस गरम. डॉक्टरांनी जागा बधिर करून खपली सोडवली आणि आतून हरभऱ्याएवढा पिवळसर गोळा काढला, खव्यासारखा घट्ट. तो बोटानं दाबला असता तर बाहेर आला नसता, जंतू मात्र आणखी खोल शिरले असते. तळव्याखाली लगेच स्नायूंच्या दोऱ्या आणि हाडं असतात. तिथवर संसर्ग गेला की पाय जातो.

हा संसर्ग बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस जातीच्या जंतूंचा असतो, आणि ते माणसाच्या जखमेतही शिरतात. त्यामुळं हातमोजे घालूनच पाय धरा.

मुळात सुजलेला पाय म्हणजे दर वेळी गाठच, हेही खरं नाही. खवले वर उचललेले, मधे पांढरा भुगा साठलेला दिसला तर ते किड्यांचं काम. त्याला व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल चोळावं, रॉकेल नको, कातडी भाजते. बोटाला दोरा किंवा केस गुंडाळला गेला तरी बोट फुगतं, आणि हे फार जणांच्या नजरेतून सुटतं. दोन्ही पायांचे सांधे सुजले असतील तर मायकोप्लाझ्मा जंतूंचा आजार किंवा गाऊट, म्हणजे सांध्यात युरिक आम्ल साठणं, असू शकतो. तिथं ब्लेड लावून काय मिळणार?

हळद-चुन्याबद्दल आमच्या आजीचाही आग्रह असायचा, पण तो मुरगळलेल्या पायावर, वरून लावायला. उघड्या जखमेत चुना भरला तर मांस भाजतं. घट्ट पट्टीनं रक्त अडतं, बोटं गार पडतात. त्यापेक्षा सूज नुकतीच दिसली असेल तर दोन लिटर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) घालून पाय दहा-पंधरा मिनिटं बुडवा. ते पाणी त्याला पिऊ देऊ नका, ढाळ लागते. कोंबडा टॉवेलात गुंडाळून डोळे झाकले की शांत राहतो. छाती मात्र दाबू नका, पाखरू छाती हलवूनच श्वास घेतं. मग पाय कोरडा करून पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक, वर स्वच्छ गॉज, सैल पट्टी. रोज बदला.

कॅप्सूलचं तर बोलायलाच नको. आजारी कोंबडा पाणी कमी पितो, मग पोटात औषध किती गेलं हे कुणाला कळणार? काही जण पूर्वी दुकानातून आणून ठेवलेली कोलिस्टिन या अँटिबायोटिकची पावडर सुचवतात. अन्नासाठी पाळलेल्या जनावरांसाठी आणि कोंबड्यांसाठी कोलिस्टिन बनवायला, विकायला आणि वाटायला केंद्रानं 2019 मध्ये बंदी घातली आहे, आणि स्टॅफिलोकॉकसवर ते चालतही नाही. औषध चालू असलेला कोंबडा कापून खाणं म्हणजे तेच औषध ताटात घेणं.

व्हिडिओत जे नाहीच, तेच मला जास्त महत्त्वाचं वाटतं: कारण. आमच्या खुराड्यात लोखंडी पाइपची दांडी होती, पाच फुटांवर. साडेतीन किलोचा गडी रोज तिथून फरशीवर उडी मारायचा. भर म्हणून अंगणात चिपाडं, धारदार टोकांची, आणि पावसानं महिनाभर चिखल. दांडी दीड फुटावर आणली, दोन इंच रुंद लाकडाची, कडा घासून गोल केल्या. खाली भाताचं तूस, ओलं झालं की लगेच बदललं. खाण्यात नुसती कणी होती, तिच्यात अ जीवनसत्त्व नाही. आता पिवळा मका आणि शेवग्याचा पाला देतो.

आठवड्याची मुदतही खोटी. आमच्या कोंबड्याला पूर्ण टेकून चालायला सात आठवडे लागले. तोवर त्याला वेगळं ठेवलं, कारण लंगडणाऱ्याला बाकीचे टोचतात. दोन-तीन दिवसांत सूज वाढली, खाणं सुटलं किंवा सूज तळव्यावरून वर चढली तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. नेणं जमत नसेल तर 1962 या नंबरवर फिरत्या पथकासाठी विचारा. जाताना दोन्ही पायांच्या तळव्यांचे फोटो काढून ठेवा, आणि खपलीला हात लावू नका.